लाल टिपक्याच्या कॅसेटी

रविवारी दुपारी चहा व्हायच्या आत वहिनीनं चार पेनड्राइव्ह टेबलावर ओळीनं मांडले, प्रत्येकाला ज्याची त्याची चिठ्ठी लावली आणि मग उगाचच ती ओळ पुन्हा सरळ केली. सकाळपासून घरात एक माणूस धड एका जागी बसला असेल तर शपथ. थोरला, म्हणजे तिचा नवरा, शाळेत भूगोल शिकवणारा, खिडकी उघडत होता आणि लावत होता. मधला दीर फोनमध्ये डोकं घालून येरझाऱ्या घालत होता. बाबा तर तीनदा जिना उतरून दुकानाचं शटर नीट लागलंय ना ते बघून आले होते.

कारणही तसंच होतं. घराखालचं दुकान उद्या सकाळी चष्मेवाल्याच्या ताब्यात जाणार होतं. अडतीस वर्षं बाबांनी ते चालवलं. आधी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटी, मग सीडी, मग गेमच्या डिस्क आणि शेवटी शेवटी, सांगायलाही लाज वाटते, मोबाइलची कव्हरं. लोक घरबसल्या सिनेमे बघायला लागले, पोरं गेम डाउनलोड करायला लागली, आणि दुकानात चुकून शिरलेलं गिऱ्हाईक विचारायला लागलं, "काका, इथं पूर्वी काय होतं हो?" अखेर गेल्या महिन्यात बाबांनी शटर ओढलं आणि आवराआवरीचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, तिनंच ओढून घेतलं. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये ती कामाला. जुने केसपेपर स्कॅन करायचे, तपासायचे, लाल स्टिकर लावलेले गठ्ठे नष्ट करायला पाठवायचे, हा तिचा रोजचा उद्योग. खोलीभर कॅसेटी बघून तिचे हात शिवशिवले नसते तरच नवल.

"बसा की सगळे," ती म्हणाली. "आत्या, तुम्ही पंख्याखाली या."

आत्या पंख्याखाली आली. बाबांची मोठी बहीण, निवृत्त नर्स, पंच्याहत्तरीतही ताठ. आजही ती मागच्या जिन्यानंच वर आली होती. एकतीस वर्षांपूर्वी बाबांनी दुकानाच्या काचेवर 'कॅसेट परत न करणारे' अशी यादी रंगवून घेतली आणि त्यात पहिलं नाव सख्ख्या बहिणीचं घातलं. त्या दिवसापासून आत्यानं दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. घरी यायची, आजारपणं काढायची, पोरांना रागवायची, पण जायची यायची मागच्या जिन्यानं.

धाकटी नणंद कोपऱ्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. सिनेमांना आवाज देणं हा तिचा धंदा. पडद्यावरच्या निम्म्या नट्या हिच्या गळ्यानं बोलत. आता त्या गळ्यावर गाठ होती आणि गुरुवारी ऑपरेशन. आवाज राहील, जाईल, बदलेल, डॉक्टर काहीच छातीठोकपणे सांगत नव्हते. तोवर मोजून बोला, एवढंच त्यांनी बजावलं होतं.

खरं तर आजचा सगळा घाट तिच्यासाठीच होता. आई गेली तेव्हा धाकटी सव्वा वर्षाची होती. आईचा चेहरा तिला फोटोतून ठाऊक, आवाज मात्र नाही. आणि लहानपणापासून जो येई तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "अगदी आईचा आवाज गं, जप हो!" ती जपत आली. थंड पाणी नाही, ओरडणं नाही, भांडणसुद्धा हळू आवाजात. गेल्या आठवड्यात तिनं वहिनीला फोनवर लिहून कळवलं होतं: *माझा गेला तर आईचाही जाईल. त्याआधी तिचा खरा आवाज एकदा ऐकायचाय. जुन्या कॅसेटींत असेल ना?* वहिनीनं उलट टपाली लिहिलं होतं, *असणारच. सगळं करून ठेवते, तू फक्त ये.*

"तर," वहिनी म्हणाली, "'घर' असं लिहिलेल्या अकरा कॅसेटी होत्या. अकराच्या अकरा स्टुडिओत देऊन कॉप्या करून घेतल्या. सत्तावीस तास. वर्षवार, प्रसंगवार. आता आग लागो, पूर येवो, आपल्या घराला धक्का नाही."

मधल्यानं एक पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. थोरल्याचं लग्न आलं, वहिनी स्वतः लाजताना दिसली, सगळे हसले. मधल्याचा शाळेतला सत्कार आला. धाकटीचा चौथा वाढदिवस आला, मेणबत्ती विझवायच्या आधीच केकमध्ये बोट. पुढं, मागं, पुन्हा पुढं. धाकटी खुर्चीच्या कडेवर सरकत सरकत आली होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "आई कुठंय?"

"आहे ना, थांब हं." वहिनीनं यादी वरपासून खालपर्यंत फिरवली. मग खालपासून वर. सत्तावीस तासांत धाकटी दोन वर्षांच्या खाली कुठंच नव्हती.

"अगं, यात नसणारच ती," थोरला खिडकीतून वळून म्हणाला. "कॅमेरा बाबांनी आई गेल्यावर घेतला. त्याआधी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा मागून आणायचे, तो खांद्यावरचा धोंडा. त्यात अख्खी कॅसेटच बसायची. कोरी कॅसेट केवढ्याला पडायची तेव्हा! मग बाबा भाड्याचीच एखादी घालायचे. तीन तासांची टेप, सव्वादोन तासांचा सिनेमा, पुढचा पाऊण तास मोकळा. आईचं सगळं त्या मोकळ्या टेपेवर आहे. गिऱ्हाइकं सिनेमा संपल्यावर बघायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायची, 'काय हो, मुलाला दात आले वाटतं!' तशा कॅसेटींवर आईच्या नेलपॉलिशचा लाल टिपका असायचा. तू लाल टिपक्याच्या आधी घेतल्या असशील ना?"

वहिनीनं हातातली यादी खाली ठेवली.

लाल टिपका. पंचवीस-तीस कॅसेटींच्या पाठीवर होता तो, मटाराएवढा, चकचकीत. रेकॉर्ड रूममध्ये लाल म्हणजे नष्ट करावयाचे. वीस वर्षं ती तेच शिकली आणि तेच नव्या पोरींना शिकवत आली. लाल टिपक्याच्या तिनं सगळ्यात आधी पोत्यात भरल्या होत्या. पहिलं पोतं तेच.

"वहिनी?" मधला म्हणाला.

"त्या मी... प्लास्टिकवाल्याला दिल्या."

टीव्हीवर धाकटी चौथ्या वाढदिवसाच्या टाळ्या वाजवत होती. कुणीतरी टीव्ही बंद केला.

वहिनीनं फोन लावला, तोही स्पीकरवर, लपवाछपवी नको म्हणून. प्लास्टिकवाला भला माणूस. "ताई, त्याला तीन आठवडे झाले की! दळून त्याचे दाणे झाले, दाण्यांच्या बादल्यासुद्धा झाल्या असतील. का हो, काही राहिलं होतं का त्यात?"

"नाही," वहिनी म्हणाली. "काही नाही." आणि फोन ठेवला.

मग जे सुरू झालं ते झालं. थोरला बायकोवर आजवर चारचौघांत कधी चढला नव्हता, तो आज चढला. "एका शब्दानं विचारायचं होतंस! घर म्हणजे काय तुझं इस्पितळ आहे, दिसलं की टाक?"

"तू सांगायचं होतंस! महिनाभर मी धुळीत लोळत होते, तू किती वेळा खाली आलास?"

"मला वाटलं तुला माहीत असेल!"

"कुठून माहीत असेल? मी या घरात आले तेव्हा तुझ्या आईला जाऊन चौदा वर्षं झाली होती!"

"आणि हा!" थोरल्यानं मोर्चा मधल्याकडं वळवला. "हा शहाणा. 'सगळं ऑनलाइन पडलंय, कशाला कचरा ठेवायचा', हे कोण म्हणालं?"

"मी फक्त नावं शोधून दिली," मधला लगेच बाजूला झाला. काल संध्याकाळपर्यंत तो वहिनीचा उजवा हात होता. "सिनेमे ऑनलाइन आहेतच. एक ना एक सिनेमा आहे. शेपटाला आई आहे हे मला काय स्वप्न पडणार?"

"एक ना एक आहे म्हणे! गेल्या वर्षी विकत घेतलेला गेम तुझ्या यादीतून गायब झाला तेव्हा कोण बोंबलत होतं?"

"त्यांचे हक्क संपले, त्याला मी काय करू?"

"तेच म्हणतोय! तुझ्याजवळ काय होतं? नाव होतं नुसतं!"

"अरे गप्प बसा रे दोघं," आत्या म्हणाली, पण कुणी ऐकेना.

धाकटी मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ते बघवेना म्हणून वहिनीनं मान फिरवली आणि नजर बाबांवर पडली. बाबा कपातल्या गार चहाकडं बघत बसले होते.

आणि तिला आठवलं. लख्ख आठवलं. तिनं विचारलं होतं. पोत्याचं तोंड बांधायच्या आधी ती जिन्यातून ओरडली होती, "बाबा, या लाल टिपक्याच्या खराब झालेल्या आहेत ना?" बाबा वरच्या पायरीवर उभे होते. क्षणभर थांबले होते. आणि "हो" म्हणाले होते.

एका वाक्यात ती सुटली असती. 'विचारा बाबांना.' एवढंच. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याची तीन पोरं समोर, उद्या दुकान जाणार, गुरुवारी पोरीच्या गळ्याचं ऑपरेशन. तिनं ओठ मिटून घेतले आणि पेनड्राइव्ह गोळा करायला लागली. राग येत होता, रडू येत होतं, दोन्ही एकदम.

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले.

थोरला थांबला.

"तिनं विचारलं होतं मला. खराब आहेत का म्हणून. मी हो म्हणालो."

"बाबा! तुम्हाला माहीत होतं त्यात काय आहे ते?"

"टिपके कुणी लावले? मीच ना?" बाबांनी कप खाली ठेवला. "नाही म्हटलं असतं, तर का नाही ते सांगावं लागलं असतं. मग बघू या म्हणाला असता तुम्ही सगळे. ती गेली त्यानंतर मी एकदाही लावली नाही टेप. धीर नाही झाला. दुकान चालू होतं तोवर बरं होतं. कॅसेटी भाड्यानं जायच्या, ती घरोघरी फिरून यायची. कुणीतरी बघतंय, ऐकतंय, एवढं मला पुरायचं. मग कॅसेटी बंद झाल्या, ती कपाटात बसली. पोतं बांधलं तेव्हा वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवसापासून झोप नाही." त्यांनी धाकटीकडं पाहिलं. "तुला ऐकायचंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं गं. माझं चुकलं."

धाकटीनं मान हलवली. रागावून की माफ करून, कळलं नाही. बहुधा तिचं तिलाही कळलं नसावं.

वहिनीला वाटलं होतं, बाबांनी कबूल केलं की आपल्या छातीवरचा धोंडा उतरेल. कुठला उतरायला? पोतं तर तिच्याच हातांनी बांधलं होतं.

तेवढ्यात आत्यानं पिशवी मांडीवर घेतली. चेन अडकली, तिनं ती हिसकली. आतून टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. टॉवेल उलगडला. कॅसेट होती. पाठीवर मटाराएवढा लाल टिपका.

"परत करायला आणली होती आज," आत्या म्हणाली. "दुकानच बंद होतंय, उद्या कुणाला करू, चष्मेवाल्याला?"

"ताई," बाबा उभेच राहिले. "तू म्हणाली होतीस हरवली."

"तू मागत सुटला होतास ना! पोरांची आई जाऊन महिना नाही झाला, आणि तुझं आपलं कॅसेट आण, कॅसेट आण. मला वाटलं, भाड्यावर लावायचीय मेल्याला. माझी मैत्रीण होती ती, तुझी बायको व्हायच्या आधीपासून! म्हटलं, नाही देणार जा."

"मी टिपक्यासाठी, तिच्यासाठी मागत होतो गं."

"मग तसं सांगायचं! काचेवर नाव कसलं रंगवतोस?"

एकतीस वर्षं मागचा जिना, आणि कारण हे.

"पण मशीन कुठंय?" मधला म्हणाला आणि सगळे पुन्हा वहिनीकडं वळले. या वेळी मात्र तिच्याकडं उत्तर होतं.

"खाली. काउंटरला स्क्रूनं बसवलेलं, टीव्हीसकट. सुतार उद्या येणार आहे काढायला."

पुढच्या जिन्यावर एकच गर्दी झाली. शटर वर गेलं. रिकाम्या फळ्या, धूळ, भिंतीवर पोस्टर काढल्याचे चौकोन. आत्या उंबऱ्याशी थबकली. काचेवर तिचं नाव अजून होतं, अर्धवट खरवडलेलं. "अक्षर तरी बरं काढून घ्यायचं होतंस," ती पुटपुटली आणि आत आली.

मशीननं कॅसेट गिळली आणि घरघरून थांबलं. मधल्यानं झाकण काढलं. ज्यानं दहा वर्षांत एक डिस्क विकत घेतली नव्हती, तो आता काउंटरवर पोटावर पडून मोबाइलच्या उजेडात पट्टा बोटानं ताणत होता. "कुणी हलू नका," तो म्हणाला, जणू बाकीचे हलले तर टेप तुटणार होती. थोरल्यानं त्याला स्क्रू-ड्रायव्हर दिला, न मागता. वहिनी एका हातानं काउंटरची कड धरून उभी होती. ही तुटली तर संपलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आपल्यामुळं उरलेली ही एकच.

पट्टा बसला. चाकं फिरली. सिनेमाची शेवटची नावं वर सरकली, पडदा मुंग्यांनी भरला. तो किती वेळ भरलेला राहिला कोण जाणे.

मग हेच दुकान दिसलं. भरलेल्या फळ्या. स्टुलावर एक बाई, मांडीवर बाळ, हातात लेबलांचा कागद.

"बोल ना काहीतरी," कॅमेऱ्यामागून तरुण बाबांचा आवाज आला.

"काय बोलू? आणि गिऱ्हाइकं बघतील ना!"

"बघू देत."

बाई कॅमेऱ्याकडं वळली. "बरं. तर ओ बघणारे! सिनेमा संपलाय. आता रिवाइंड करून आणा. कुणी म्हणून करून आणत नाही, दिवसभर मी तेच करत बसते. आणि तू गं, तू काय बघतेस?" हे बाळाला. बाळ किंचाळलं. बाई हसली, टेप थरथरली, पडद्यावर पुन्हा मुंग्या.

सगळ्यांनी एकच गोष्ट ऐकली होती आणि कुणालाच ती पहिल्यांदा उच्चारायची नव्हती. तो आवाज जाडाभरडा होता. घोगरा, फाटका, तीन दुकानं पलीकडं ऐकू जाईल असा. धाकटीच्या स्वच्छ, नितळ गळ्याशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं.

"ही... आई?" थोरला म्हणाला. ती गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. "मला तर..."

"तीच," आत्या डोळे पुसत म्हणाली. "बेडूक म्हणायचे मी तिला."

"मग तूच सांगत होतीस ना सगळ्यांना, पोरीत आईचा आवाज आलाय म्हणून?"

"अरे, बडबड तशी होती हिची, अगदी हुबेहूब. मग म्हणत गेले... म्हणता म्हणता मलाही तसंच ऐकू यायला लागलं."

"मीसुद्धा विसरलो होतो," बाबा म्हणाले. त्यांनी काउंटरचा आधार घेतला. "हिला ऐकून ऐकून तिचा पुसूनच गेला माझ्या डोक्यातून. बघ की, एवढा वेगळा आवाज, आणि विसरलो."

धाकटीनं मफलर सोडला. वहिनीला वाटलं, आता ही कोसळणार. पण धाकटी हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, डॉक्टरांनी मना केलेलं, मोठ्यानं, गळा ताणून.

"म्हणजे इतकी वर्षं मी आइस्क्रीम उगाच सोडलं," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "गुरुवारी गेला, तर माझा जाईल. आईचं काही जाणार नाही."

वहिनीनं तिला धरलं तेव्हा कुठं तिला स्वतःला रडू फुटलं. थोरला जवळ आला, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मधल्यानं फोन काढला होता. "पुन्हा लावा, मी घेतो यात. सगळ्यांना पाठवतो. चार ठिकाणी ठेवतो."

"घे," धाकटी म्हणाली. "पण कॅसेट आत्याकडं राहील."

"ठेव गं ताई," बाबा म्हणाले. "तुझ्याकडंच नीट राहिली."

मशीननं कॅसेट बाहेर ढकलली. सगळ्यांत जवळ वहिनी होती. तिनं ती दोन्ही हातांनी काढून घेतली. गरम होती. लाल टिपक्यावर अंगठा टेकवून ती सासऱ्यांकडं वळली. विचारायचं असं काही ठरवलं नव्हतं तिनं, पण तोंडातून तेच आलं, जिन्यातून विचारलं होतं तेच.

"बाबा, ही खराब झालेली आहे का?"

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. या वेळी ते थांबले नाहीत.

"नाही गं. ही तुझी सासू आहे," ते म्हणाले. "रिवाइंड करून ठेव."